दुखण्याचा तुकडा

"हे तिचंच आहे कशावरून?"

कुलूपवाल्यांनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला आणि समोरच्या संशोधक बाईंकडे रोखून पाहिलं. बाई पोरसवदा होत्या, त्यांच्या मुलीच्याच वयाच्या.

"काका, प्रत्येक नळीवर खूण असते."

"खूण काय, कोणीही चिकटवील."

मागे उभी असलेली मुलगी खाली मान घालून फरशीकडे बघत होती. बाबा असं काहीतरी बोलणार, हे तिला घरातून निघतानाच ठाऊक होतं. कुलपं दुरुस्त करण्यात आणि किल्ल्या घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. जगात माणसं दोनच जातीची, चोर आणि अजून न सापडलेले चोर, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यातच काल विद्यापीठातून फोन आला. त्यांच्या बायकोच्या पोटातून काढलेल्या गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी ठेवला होता. त्यातल्या पेशी अजून जिवंत होत्या, वाढत होत्या. आता त्या दुसऱ्या एका विद्यापीठालाही द्यायच्या होत्या, त्यासाठी घरच्यांची संमती हवी होती. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि असला काही तुकडा असल्याचं कुलूपवाले पहिल्यांदाच ऐकत होते. फोन ठेवून ते मुलीला एवढंच म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय. उद्या जाऊ आणि टाकून द्यायला सांगू."

आल्याबरोबर त्यांनी खोली न्याहाळून घेतली होती. दाराला चांगलं भारी कुलूप, आणि आतल्या औषधांच्या फ्रीजला नुसती कडी. हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

"एक विचारतो," ते म्हणाले. "हा तुकडा हवा म्हणून तिच्या औषधपाण्यात काही कमीजास्त केलंत का?"

"बाबा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"विचारू दे मला."

बाईंना राग आला नाही. "नाही काका. गाठ काढायचीच होती. तपासून उरलेलं फेकून देतात, त्यातलं आम्ही मागून घेतलं. विचारायला मीच गेले होते."

"आणि ती हो म्हणाली? मला न विचारता?"

"मी म्हटलं, घरी बोलून सांगा. तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, 'आमच्याकडे दाराला दोन कुलपं आणि मनाला तीन. त्यांना विचारलं तर ते नाही म्हणणार, आणि वर त्याची कारणं मला आठवडाभर ऐकावी लागणार. आण इकडे, मीच करते सही.'"

मुलीला हसू फुटलं, तिनं ते तोंडातच दाबलं. कुलूपवाल्यांनी ते बोलणं मनातल्या मनात किल्लीसारखं फिरवून पाहिलं. ही नक्कल नव्हती. अशी किल्ली दुसऱ्या कोणाला घासता आली नसती. म्हणजे नळीत होतं ते तिचंच. आणि आपल्यापासून लपवताना ती हसत होती.

ते पुन्हा वाकले. करड्या उजेडात बारीक ठिपक्यांचे पुंजके एकमेकांना बिलगून बसले होते.

"म्हणजे ही ती नव्हे," ते सावकाश म्हणाले. "हे तिचं दुखणं. ह्या दुखण्यानंच तिला खाल्लं. आणि तुम्ही त्याला खाऊपिऊ घालून पोसताय."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी दुसरा सौम्य शब्द शोधला नाही. "पोसतो, आणि मग त्याच्यावर औषधं घालून बघतो. कशानं मरतंय ते शोधतोय."

"मेलं का कशानं?"

"अजून नाही. एका औषधानं मंदावतं. मग पुन्हा डोकं वर काढतं."

"आणि पोसणं बंद केलं तर?"

"चार दिवसांत संपेल. तुम्ही नको म्हणालात तर आजच टाकून देऊ. गोठवून ठेवलेलंसुद्धा."

एवढंच ऐकायला तर ते आले होते. मुलीनं आता मान वर केली. आईचं दुखणं लेकीत उतरू शकतं, दर वर्षी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती तपासून घेत होती, पण त्या विषयाला घरात कोणी हात लावत नसे. कुलूपवाले तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"द्या त्यांना," ते म्हणाले. "पण एक अट आहे. हे ज्या दिवशी औषधानं मरेल, त्या दिवशी मला बोलवायचं. मला बघायचंय."

"काका, किती वर्षं लागतील सांगता येत नाही. तोवर मी इथे नसेनही."

"मीही नसेन. मग हिला बोलवा."

बाईंनी मुलीचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला.

"लावून बघा एकदा," कुलूपवाले म्हणाले. "माझ्यासमोर."

मुलीच्या पर्समध्ये फोन वाजला. तो पूर्ण वाजेपर्यंत त्यांनी ऐकला आणि मगच सही केली.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मुलीनं विचारलं, "बसला विश्वास?"

"नाही."

आत जाताना बुटांवर चढवायला दिलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्या पायांत तशाच होत्या. मुलगी खाली बसली. एरवी कोणाला पायाला हात लावू न देणारे कुलूपवाले कठडा धरून उभे राहिले. त्यांनी आधी एक पाय उचलला, तिनं पिशवी काढली. मग त्यांनी दुसरा उचलला.