पाचवीचा कोयता

आपल्याला पाण्याची भीती वाटते ही गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, असं काळूराम समजत होता. बाकी अख्ख्या वाडीला ती ठाऊक होती. धाकटा भाऊ म्हादू धरणात गेला, तेव्हा काळूरामने होडी आपल्या झापाआड, कुडाच्या झोपडीमागे, पालथी घातली ती घातलीच. दर साल बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "धरणात आता मासली रायलीय कुठं?" मासळी भरपूर होती. वाडीतली पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून रोज टोपलीभर आणत होती. पण भाऊ गमावलेल्या माणसाच्या तोंडावर कोण बोलणार?

यंदा मात्र त्याची बायको मैना आडवी आली. "सोनी बालंतपनाला येनारे. मी भट्टीवर येनार नाय, नि तुमीबी जानार नाय. होडी काढा."

काळूरामने होडी बाहेर ओढली, डांबर लावलं, आणि रोज सकाळी त्याला तिच्यात नवी भेग सापडू लागली. "अजून येक रायली गो," तो म्हणायचा. शेवटी मैना स्वतः डांबराचा डबा घेऊन बसली आणि होडीच्या सगळ्या भेगा एका दुपारी संपल्या. मग काय, निमित्तच उरलं नाही.

तो पाण्यावर जायला लागला, पण एका बोलीवर. होडीत पुढच्या फळीखाली कोयता असलाच पाहिजे. धरणाच्या पोटात एक जुनं गाव आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या गावच्या आंब्याचिंचांचे वाळके शेंडे पाण्याच्या वरच्या थरापर्यंत येतात, वरून दिसत मात्र नाहीत. म्हादूचं जाळं अशाच एका शेंड्याला अडकलं होतं. तो सोडवायला खाली उतरला आणि स्वतःच त्या जाळ्यात गुरफटला. वाडीत त्याच्यासारखा पोहणारा दुसरा नव्हता. म्हणून काळूराम मैनेला पुन्हा पुन्हा बजावायचा, "जालं अडकलं का कापायचं. पान्यात उतरायचं नाय. कितीबी म्हागाचं असू दे."

लेकीला, सोनीला, मुलगा झाला. आज त्याची पाचवी. संध्याकाळी पूजा, चार बायका जेवायला येणार, म्हणून सकाळी टाकलेलं जाळं दुपारीच उचलायला दोघं निघाली. मैना वल्हवत होती आणि काळूराम जाळं आत ओढत होता. कटले मासे चांगले लागले होते. काळूरामच्या तोंडून गाण्यासारखं काहीतरी निघायला लागलं होतं, आणि तेवढ्यात सिद्धगडाच्या बाजूने आभाळ काळं झालं.

वारा आला तो सरळ अंगावरच. पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. उभं राहून जाळं ओढणं आता शक्य नव्हतं, म्हणून काळूरामने जाळ्याचा दोर होडीच्या मागच्या लोखंडी कडीला बांधला आणि वल्हं स्वतःकडे घेतलं. होडीनेच ओढून नेऊ, असा त्याचा विचार. पाचसहा वल्ही मारली असतील नसतील, होडीला मागून हिसका बसला. दोर तारेसारखा ताठ झाला.

जाळं अडकलं होतं.

वारा होडीला पुढे लोटत होता आणि दोर तिला मागे धरून होता. होडीची मागची बाजू खाली बसली आणि पहिली लाट आत आली. काळूरामने गाठीला हात घातला. ओल्या नायलॉनची गाठ, दगड झालेली. त्याची नखं निघायची वेळ आली. दुसरी लाट आली. आता घोट्यापर्यंत पाणी झालं होतं आणि कटले त्यात पुन्हा पोहायला लागले होते.

"मैने, कोयता दे!"

मैना हलली नाही.

"कोयता दे गो! फलीखाली हाय!"

"नाय," मैना म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पोराच्या उशाला ठेवलाय. आज पाचवी ना. लोखंड नको का उशाला?"

घरात दुसरं धारेचं लोखंड नव्हतं, हे खरंच होतं, आणि पूजेच्या घाईत आज त्याने फळीखाली बघितलंही नव्हतं. काळूराम तिच्यावर ओरडणार होता, पण त्याची नजर खाली काळ्या पाण्याकडे गेली. त्याला म्हादू दिसत होता. म्हादूनेही असंच खाली वाकून पाहिलं होतं आणि हसत म्हणाला होता, आलो रे दादा. आपण आता मरणार हे त्याला स्पष्ट कळलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला जागचं उठवेना.

मैना उठली. तिने लुगड्याचा ओचा खोचला. "मीच उतरते. माजीच चूक हाय."

तिचा एक पाय होडीबाहेर गेला, तेव्हा काळूरामने तिच्या कमरेला मिठी मारून तिला मागे खेचलं. दोघं होडीतल्या पाण्यात बसली, होडी अशी कलली की तिची कड पाण्याला टेकली. तिला धरूनच तो रडायला लागला. "नको गो. तू नको. तू नको."

रडता रडता त्याच्या छातीला काहीतरी टोचलं. वरच्या खिशातली काडेपेटी. प्लास्टिकच्या पिशवीत विडीबरोबर गुंडाळलेली.

नवा दोर आणला की त्याचं टोक सुटू नये म्हणून तो नेहमी काडीने जाळून घ्यायचा. नायलॉन कसं वितळतं हे त्याला ठाऊक होतं.

"हात लाव. वारा अडव!"

पहिली काडी विझली. दुसरी मोडली. मैनेने दोन्ही तळवे दोराभोवती धरले आणि तो तिच्या अंगावर ओणवा झाला. तिसरी काडी पेटली. दोर काळा पडला, चुरचुरला, त्याचे जळते थेंब मैनेच्या तळहातावर पडू लागले. तिने दात आवळले, पण तळवे हलवले नाहीत.

फट्कन आवाज झाला आणि होडी सुटली. जाळं गेलं. ती दोघं वाऱ्याबरोबर वाहत, डब्याने पाणी उपसत, कुठल्या तरी भलत्याच काठाला लागली. उतरल्यावर काळूराम चिखलात ओकला. मैना त्याची पाठ चोळत राहिली, फक्त बोटांनी.

घरी पूजा झाली. बायका जेवून गेल्या. हात कसा भाजला म्हणून सोनीने विचारलं, तर मैना म्हणाली, "चुलीवर."

काळूराम जेवला नाही. तो होडीपाशी गेला. ओढीने ती मागची कडी लाकडातून निम्मी उचकटली होती. त्याने ती पिरगाळून काढली. जळक्या नायलॉनचा गोळा अजून तिला चिकटलेला होता. झापात येऊन त्याने नातवाच्या उशाखालचा कोयता हळूच काढला आणि त्या जागी कडी सरकवली. लोखंडच ते.

मैना बघत होती. "उंद्या जानार?"

"जाऊ," काळूराम म्हणाला. कोयता धरलेला त्याचा हात अजून कापत होता, आणि या वेळी त्याने तो तिच्यापासून लपवला नाही.

पाचवीला सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. काळूराम पोरापाशी बसला, त्याच्या इवल्याशा कपाळावर त्याने अंगठा ठेवला.

"बाई," तो पुटपुटला, "काय लिव्हायचं ते लिव्ह. पानी तेवढं नको लिव्हू."