नाव ठेवणारी माणसं

मी एक जुनी, वाळून खडखडीत झालेली अळंबी आहे. संग्रहालयाच्या कपाटात, कागदी पाकिटात पडून असते. मित्रांनो, हसू नका. माणसांपेक्षा मी बरी. जे ठाऊक नाही त्यावर बोलत नाही.

मी दमट, घनदाट जंगलात एका कुजक्या ओंडक्यावर जन्मले. पडलेल्या झाडांची माती करणं हे आमचं काम. एकदा एक प्राध्यापक आले, मला उपटून म्हणाले, "ही तर तपकिरी अळंबीचीच बहीण!" सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तसदीही न घेता त्यांनी मला तपकिरी अळंब्यांच्या प्रजातीत, म्हणजे घराण्यात, ढकललं. नात्यागोत्याचा पत्ता नाही आणि निघाले सोयरीक जुळवायला! त्यांचे सत्कार झाले. मला डांबरगोळ्यांचा वास मिळाला. पुढे कपाट कुणी उघडेना. किड्यांनी माझी कड कुरतडली.

अखेर मला बाहेर काढलं त्यांच्याच सुनेनं. तीही अळंब्यांची अभ्यासक. तिनं माझा पातळ काप काढून पाहिला. तपकिरींचे बीजाणू गुळगुळीत. माझ्या बीजाणूंवर मात्र बारीक काटे!

"बाबा, ही प्रजातीच वेगळी आहे. तसं छापावं लागेल," ती सासऱ्यांना म्हणाली.

"सुनेनंच सासऱ्याला खोटं पाडलं म्हणतील लोक!"

"म्हणून तर आधी तुम्हाला सांगतेय. बघा तरी."

म्हातारा कितीतरी दिवस तोंड फुगवून बसला. मग एका सकाळी काठी टेकत आला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ थांबला.

"काटे आहेत गं," तो पुटपुटला. आणि लगेच म्हणाला, "मग प्रजातीला माझं नाव दे. आणली मीच ना?"

केवढा हा निर्लज्जपणा!

"आणलीत बाबा, पण ओळखली नाहीत." तिनं काट्यांवरून नाव ठेवलं: कंटकबीजा.

माझे नातलग शोधायला ती त्या जंगलात गेली. तिथं ओंडका नव्हता, झाडं नव्हती. रुंद, सपाट रस्ता होता. ती रिकाम्या हातांनी परतली. सासरे खुर्ची ओढून म्हणाले, "बाकीची पाकिटं काढ. आणखी कुठं चुकलोय ते बघू."

मित्रांनो, आमच्या घराण्याला नाव मिळालं तेव्हा घरात मी एकटीच उरले होते, तीही मेलेली. तुम्हाला नावं ठेवायची एवढी हौस असेल, तर आधी नीट बघा. आणि आम्ही जिवंत असताना बघा.