घंटा कोणी पळवली

शहरातलं ते हायस्कूल बंद पडून बरीच वर्षं झाली होती. वर्गांमध्ये आता पाणीपट्टीचं कार्यालय होतं आणि मैदानावर गाड्या लागत. तिथल्या साहेबांच्या मनात आलं, की दारापाशी शाळेचा इतिहास सांगणारा एक फलक असावा. मजकुराचं काम शिट्टी सरांच्या गळ्यात पडलं. सरांनी उभा जन्म त्या मैदानावर कवायत शिकवण्यात घालवला होता. त्यांचं खरं नाव फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि रागावली की तीही शिट्टीच म्हणायची.

स्थापना, इमारत, बक्षिसं हे सरांनी भराभर लिहून टाकलं. गाडी अडली ती घंटेपाशी.

एकदा भर शाळेत व्हरांड्यातली पितळी घंटा गायब झाली होती. घंटा झाल्याशिवाय तास सोडायचा नाही, हा मुख्याध्यापिका मोठ्या बाईंचा दंडक. त्यामुळे दुसरा तास संपेचना. इतिहासाच्या मास्तरांनी दोन लढाया आणि एक तह उरकून पुढच्या इयत्तेत प्रवेश केला. शिपाई हातात घंटेचा हातोडा घेऊन नुसताच उभा. अंधारून आल्यावर पालकच मुलांना न्यायला आले. चोर काही सापडला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सरांनी अख्ख्या शाळेला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आठवड्याभरात घंटा जागेवर परत आली. चोर घाबरला, असं म्हणून सरांनी मिशीला पीळ दिला.

तेव्हा कोणी तोंड उघडलं नव्हतं. आता फलकाची बातमी फुटताच शाळेचे तिघं माजी विद्यार्थी सरांच्या घरी हजर झाले. एक निवृत्त न्यायाधीश, एक दातांची डॉक्टरीण आणि एक बेकरीवाला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की घंटा मीच पळवली, तेव्हा नाव माझं लिहा. बेकरीवाल्याने ती पिठाच्या पोत्यात दडवली होती म्हणे. डॉक्टरणीने विहिरीत सोडली होती. न्यायाधीशांनी तर स्वतःविरुद्ध असा बिनतोड पुरावा मांडला, की सरांना घाम फुटला.

शेवटी सरांना युक्ती सुचली. "खरा चोर असेल त्याची शिक्षा अजून बाकी आहे," ते म्हणाले. "फलक लावायच्या दिवशी सकाळी मैदानाला पाच फेऱ्या. पळेल त्याचं नाव लागेल."

गुडघ्यांच्या भीतीने दोघं तरी गळतील, असा सरांचा हिशेब होता. पण त्या दिवशी तिघंही बूट घालून आले. गाड्यांच्या मधून, आरशांना कोपर घासत, न्यायाधीश पुढे, डॉक्टरीण मागे आणि पोट सावरत बेकरीवाला शेवटी, अशी वरात निघाली. पाणीपट्टी भरायला आलेले लोक रांग सोडून बघायला आले.

तेवढ्यात भाचीच्या हाताला धरून मोठ्या बाई आल्या. फलकाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. ही माणसं का धावताहेत, असं त्यांनी विचारलं. सरांनी घंटेची सगळी हकीकत सांगितली.

"घंटा?" बाई म्हणाल्या. "तिला तडा गेला होता. मी कासाराकडे दिली होती दुरुस्तीला."

मग हळूहळू उलगडा झाला. त्याच सकाळी बाई मुलीच्या बाळंतपणाला गावी निघाल्या होत्या. जाताजाता घंटा टांग्यात घालून त्यांनी कासाराकडे टाकली आणि गडबडीत सांगायचं राहून गेलं. पुढे कासार ती सुट्टीच्या दिवशी आपणहून लावून गेला. बाई महिन्याने परतल्या तेव्हा घंटा व्यवस्थित वाजत होती, मग त्या तरी कशाला विचारतील?

"पण तुम्ही शोध घेतला असेल ना?" बाईंनी विचारलं.

"थोडाफार घेतला," सर म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

तोवर तिघं धापा टाकत येऊन टेकले. खरा प्रकार कळल्यावर ते शरमतील, असं सरांना वाटलं होतं. पण तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. न्यायाधीश घाम पुसून अदबीने सरांच्या कानाशी लागले, "बाईंचं आता वय झालंय, सर. होतो माणसाचा घोटाळा."

बाकी दोघांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांचा गुन्हा असा फुकटाफुकटी सोडायला कोणीच तयार नव्हतं.

सरांनी फलकावरची शेवटची, चोराच्या नावाची ओळ रंगाऱ्याकडून तिथल्या तिथे बदलून घेतली. घंटेबद्दल फलकावर आता एवढंच आहे, की एके दिवशी इथली घंटा वाजली नाही आणि शाळा सुटली नाही. नातेवाईक गावात आले, की ते तिघंही त्यांना हटकून तिथे घेऊन जातात, पण एका वेळी कधीच नाही.