दुसरी पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे, घायपाताच्या वाखाची. मला पाहून लोक आधी हसतात, कारण माझे बंद फार लांब आहेत. ते असे का, ते सांगते.

शिरूरच्या एका अनाथाश्रमात माझा जन्म झाला. तिथल्या मुली घायपाताची पानं पाण्यात कुजवत, ठेचत आणि निघालेला वाख वळून पिशव्या विणत. रसाने त्यांचे हात दिवसभर खाजत. पिशवी विणून झाली तरी तिला बंद लावत नसत. गिऱ्हाईक आलं, की विणणारी मुलगी त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत सुतळी धरून माप घेई, आणि मगच बंद बांधी. तिथली रीतच होती ती.

१९५२ च्या उन्हाळ्यात खुर्शिदबाई नावाच्या एक उंच शिक्षिका पुण्याहून नगरला निघाल्या होत्या. मोटार बिघडली म्हणून त्या तासभर आश्रमात येऊन बसल्या. बारा वर्षांच्या रूथने त्यांचं माप घेतलं. घेऊन झालं तरी तिचा हात त्यांच्या खांद्यावरच राहिला. बाईंनी तो राहू दिला.

"खाजतात का गं हात?"

"सवय हाय."

"माझ्या बहिणीलाही एक हवी. याच मापाची कर. आठवड्याने परत येताना नेते."

"नक्की येणार तुम्ही?"

"येणार तर. तूच दे माझ्या हातात."

ती दुसरी पिशवी म्हणजे मी.

आठवडा गेला, पावसाळाही गेला. रस्त्यावर मोटार वाजली की मुली म्हणत, "रूथे, ऊठ, तुझी बाई आली." रूथ मान वर करत नसे. पण तिचे हात थांबत.

मुलींना सांभाळणाऱ्या दयाबाई एकदा म्हणाल्या, "अगं, पाहुणे म्हणत्यातच असं. बंद आखूड कर आन् इकून टाक."

"न्हाई बाई. ही दिलेली हाय."

लग्न होऊन रूथ दौंडच्या रेल्वे कॉलनीत आली, तेव्हा दयाबाईंकडे पत्ता ठेवून आणि मला घेऊन आली. शेजारच्या दगडाबाई खिळ्यावरच्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढी उंच तुमच्यात हाय तरी कोण?"

"यायची हाय," रूथ म्हणाली.

मित्रांनो, घरातल्या बाकीच्या पिशव्या बाजाराला जात, मेथीचा वास घेऊन येत, फाटत. मी कोरीच राहिले. दर शनिवारी रूथ मला झटकून पुन्हा टांगी. तिने माझ्यात कधी काही ठेवलं नाही. दुसऱ्याची वस्तू ना मी.

अशीच वर्षं गेली, आणि एक दिवस रूथही गेली. माती देऊन आल्यावर तिची मुलगी ग्लॅडिस माझ्यासमोर उभी राहिली. ती वडिलांसारखी उंच. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि खांद्याला लावून पाहिलं. बंद बरोबर बसले. पाहायला रूथ नव्हती.

खुर्शिदबाईंना का येता आलं नाही, मला ठाऊक नाही. त्यांनाही काही अडचण असेल. पण मित्रांनो, एखाद्या मुलाला 'परत येतो' म्हणालात, तर जा. नाहीच जमलं, तर एक कार्ड टाका. ते ठेवायला माझ्यात खूप जागा होती.