खंडेनवमीची चकाकी

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे आणि मी खोटं बोललो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा स्वतःच्या कौतुकात शिरलो की कबुली द्यायची राहूनच जाते. माझी अशी बरीच वर्षं राहिली.

गेज म्हणजे मापाचं हत्यार. मी वीतभर लांबीची पोलादी कांडी, एका टोकाला निमुळती. विश्रांतवाडीच्या पलीकडे एका चाचणीशाळेत रायफलच्या नळ्या तपासल्या जात, तिथे माझी नोकरी. गोळी झाडली की काडतुसातली दारू पेटते आणि तिचा जाळ, गोळी जिथून नळीत शिरते, त्या जागेला सगळ्यात आधी लागतो. त्या जागेला नळीचा घसा म्हणतात. हजारो गोळ्या झाडल्या की हा घसा जळतो, भेगाळतो, रुंद होतो, आणि मग गोळी नेम धरला तिथे जाईनाशी होते. मला मागच्या बाजूने नळीत सारायचं. घसा जितका झिजलेला, तितका मी आत जायचो. किती आत गेलो ते माझ्या अंगावरच्या रेघा मोजून कळायचं. तीन रेघा भरल्या की नळी भंगारात. माझ्या शब्दावर अपील नव्हतं.

मला घडवलं दादामियाँनी, १९७५ साली. येरवड्याहून सायकलवर येणारे पस्तिशीतले फिटर होते ते. त्यांनी मला लेथवर कातलं, भट्टीत लाल केलं, तेलात बुडवलं आणि पंधरा दिवस घासून टोकाला नेमका आकार आणला. बायकोकडून, म्हणजे मदिनाबींकडून, हिरव्या बनातीचा तुकडा मागून आणून माझ्या लाकडी पेटीला अस्तर लावलं. मदिनाबी म्हणाल्या होत्या म्हणे, "पोराच्या पाळण्याला एवढी हौस केली नव्हती तुम्ही."

आता माझ्या पापाकडे येतो. दरवर्षी खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची. यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पेढे वाटायचे. दादामियाँ नमाजी माणूस, आरतीला मागे उभे राहत; पण हत्यारं लखलखीत करण्यात सगळ्यांच्या पुढे. आदल्या दिवशी ते मला पेटीतून काढत, झिरो नंबरचा पॉलिशपेपर तेलात भिजवत आणि मला टोकापासून रेघांपर्यंत हळुवार घासत बसत. तबकात ठेवला की मी आरशासारखा चकाकायचो. साहेबलोक वाकून माझ्यात मिशा बघायचे. "दादामियाँ, गेज आहे का दागिना?" असं कोणी म्हणालं की ते लाजायचे आणि मी फुगायचो.

मित्रांनो, पॉलिशपेपर मळ काढतो आणि मळाबरोबर थोडं पोलादही काढतो. दर खंडेनवमीला माझं टोक नखाएवढंही नाही, नखावरच्या धुळीएवढं बारीक होत होतं. बारीक टोक घशात जास्त आत जातं. म्हणजे नळी शाबूत असली तरी मी सांगणार, झिजली! मला हे जाणवत नव्हतं असं नाही. कोऱ्या नळीत कधी चुकून घातलं, तर मी पूर्वीपेक्षा सैल बसायचो, बोटातली अंगठी सैल व्हावी तसा. पण चकाकीची चटक लागली होती. मी स्वतःलाच सांगायचो, नळ्याच हल्ली बऱ्या येत नाहीत.

१९९५च्या सुमारास नीरजा आमच्याकडे आली. रसायनशास्त्र शिकलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची, बोलायला कमी. तिच्या वर्गातली मुलं एकेक करून कॉम्प्युटर कंपन्यांत जात होती, आणि ही बंदुकीच्या दारूत हात काळे करत होती. तिचं म्हणणं साधं होतं. आपण वापरतो ती दारू फार कडक जळते. गॅस मोठा ठेवला की दूध लवकर तापतं, पण पातेल्याचं बूड करपतं, तसा नळीचा घसा करपतो. गोळीला जोर तेवढाच देणारी, पण कमी उष्णतेने जळणारी दारू निवडली तर नळी दुप्पट टिकेल. दोन वर्षं खपून तिने तसं मिश्रण तयार केलं. त्याने नळीत काजळी जरा जास्त धरायची, एवढाच दोष. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं थंडाई. "मॅडम, बदाम-पिस्ता घातलाय ना?" असं विचारायचे. ती हसायची आणि पुन्हा वजनकाट्यावर वाकायची.

१९९७च्या दिवाळीनंतर थंडाईची परीक्षा झाली. कोऱ्या नळीतून तीन हजार गोळ्या झाडल्या. जुन्या कडक दारूच्या तीन हजार गोळ्यांचं माप रजिस्टरात होतंच, माझ्या पहिल्या वर्षी घेतलेलं: तीन रेघा. ती चाचणी पुन्हा कोण करत बसणार? नवी नळीही आधी मोजायची पद्धत नव्हती. नवी म्हणजे शून्य, हे धरूनच चालायचे.

दादामियाँनी मला थंडाईच्या नळीत सारलं. मी आत गेलो, आणखी आत गेलो. पावणेतीन रेघा.

चाचणीशाळेचे प्रमुख वैजनाथसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "एवढा खटाटोप पाव रेघेसाठी? आणि वर काजळी?"

नीरजाचं तोंड उतरलं. तिने वाकून माझं टोक बघितलं. मग हळूच म्हणाली, "चाचा, एक कोरी नळी मोजून बघायची का या गेजने? शून्य येतं का ते."

तिने एवढंच विचारलं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण दादामियाँचा चेहरा असा झाला की जणू भर चौकात कोणी त्यांची टोपी उडवली. "मॅडम, बावीस वर्षं झाली याला," ते म्हणाले. "माझ्या हातचा आहे. आजपर्यंत कोणी माझ्या गेजवर शंका घेतली नाही." भरल्या डोळ्यांनी त्यांनी मला पेटीत ठेवलं. वैजनाथसाहेबही म्हणाले, "अहो, दादामियाँचा गेज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

नीरजा म्हणाली, "सॉरी चाचा. राहू दे."

आणि मी चकाकत होतो! दीड महिन्यापूर्वीच पॉलिश झालं होतं. त्या क्षणी मला वाचा असती तरी मी बोललो असतो का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

थंडाई बंद झाली. शिल्लक पिंपं नष्ट केली. दोन महिन्यांनी नीरजाने राजीनामा दिला आणि तीही कॉम्प्युटरकडे गेली. कँटीनमध्ये लोक म्हणाले, बाईंची थंडाई बाईंनाच भोवली. दादामियाँ त्यात हसले नाहीत, पण गप्प बसले.

पुढे आयएसओचं वारं आलं. पुण्यातल्या प्रत्येक कारखान्याला ते सर्टिफिकेट हवं होतं, आमच्याही साहेबांना हवं झालं. त्याचा नियम असा की मापणाऱ्याचंही माप घ्यायचं. १९९९ साली मला पहिल्यांदा पेटीसकट भोसरीच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे ना झेंडू, ना पेढे. थंड खोलीत एका पोरीने मला यंत्राखाली ठेवलं, आकडे टिपले आणि माझ्या मुठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला. कागदावर लिहिलं: टोक पंचवीस मायक्रॉन बारीक, वापरास अयोग्य. पंचवीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. माझ्या निमुळत्या टोकाच्या हिशेबाने सव्वा रेघ; थंडाईनंतरच्या एका खंडेनवमीची झीज त्यात नावापुरतीच.

दादामियाँनी कागद उभ्यानेच वाचला आणि मग स्टुलावर बसले. पावणेतीनातून सव्वा गेले, राहिली दीड. कडक दारूच्या तीन, थंडाईची दीड. नीरजा म्हणाली होती तेच: नळी दुप्पट टिकेल.

ते तो कागद घेऊन वैजनाथसाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो. ती पोरगी तिकडे सुखात आहे. तुमची सहा महिन्यांत रिटायरमेंट. सत्काराच्या शालीवर कशाला डाग पाडून घेता?" दादामियाँ सरळ रजिस्टरच्या कपाटाकडे गेले. जुनं रजिस्टर काढून त्यांनी पावणेतीनच्या शेजारी लाल शाईने लिहिलं: माप चूक. खरं माप दीड. गेज झिजलेला होता, झिजवणारा मी. खाली पूर्ण नाव, दादामियाँ शेख. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यांना तर खवखवतच राहिलं. रविवारी गेटपास काढून त्यांनी मला पिशवीत घेतलं आणि दोन बस बदलून कर्वेनगरला नीरजाच्या घरी गेले.

तिने दार उघडलं. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर गोंधळतील म्हणतात, ते निस्तरण्याचं काम ती करत होती; डोळे तारवटले होते. दादामियाँनी पाणीही घेतलं नाही. मला टेबलावर ठेवलं, शेजारी कागद ठेवला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"दीड?" तिने विचारलं.

"दीड, बेटी." मॅडम म्हणायचं त्यांना त्या दिवशी सुचलं नाही.

"नक्की दीड?" तिने मला उचललं, टोकावरून अंगठा फिरवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसूही आलं. "मला वाटत होतं, माझंच वजन चुकलं असेल. अजून मनात गणितं करते मी, चाचा. बसमध्येसुद्धा."

दादामियाँ कळवळून म्हणाले, "मग त्या दिवशी भांडली का नाहीस?"

"तुम्ही रडवेले झाला होतात."

मित्रांनो, भट्टीत लाल झालो तेव्हा मला एवढं भाजलं नव्हतं. तिने तिची दोन वर्षं आमच्या अब्रूसाठी सोडून दिली होती, आणि आम्ही ती अब्रू मिरवत होतो.

मला परत टेबलावर ठेवत नीरजाने विचारलं, "चाचा, खरं सांगा. मी दुसऱ्यांदा विचारलं असतं, तर मोजली असतीत कोरी नळी?"

दादामियाँनी माझ्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. "नाही, बेटी," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मी जास्त रागावलो असतो."

ती थंडाई पुन्हा कोणी बनवली नाही. मला दादामियाँनी नीरजाकडेच ठेवलं. तिच्या टेबलावर, लाल पट्ट्यासकट. मुद्दाम कोणी मला पुसत नाही, आणि तेच बरं आहे. मित्रांनो, तुमच्या हत्यारांची निगा जरूर राखा, पण ती नुसती चकाकवू नका, तपासून घ्या. आणि तुमच्या लाडक्या वस्तूबद्दल एखाद्याने हळू आवाजात शंका विचारली, तर चेहरा पाडू नका. तो बिचारा तुमच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसेल, आणि खरं असलं तरी पुन्हा विचारणार नाही.