पावण्यांचा आकडा

मित्रांनो, माझ्याकडे एक पत्र होते. त्याला कितीतरी वर्षे उत्तर गेले नाही. ते माझ्या अभिप्रायाच्या पानावर पडून होते, आणि कोणाला हाक मारून दाखवण्याइतका आवाज मला कधीच नव्हता.

मी एक जुनी वेबसाइट आहे. कोल्हापुरात रत्नव्वा आणि त्यांचे दीर बसवराज यांचे कांदा-लसूण चटणीचे दुकान होते. नवरा गेल्यावर रत्नव्वांना त्या चटणीचाच आधार. गिऱ्हाईक कमी होऊ लागले, तेव्हा २००२ साली बसवराजांनी मला करून घेतले. वर मिरचीचे चित्र, त्याखाली ‘या पावणं’ अशी पाटी आणि तळाशी, किती जण येऊन गेले ते दाखवणारा आकडा. मी फारशी देखणी नव्हते. लोकांना माझ्यातला तो आकडाच तेवढा दिसला असावा.

सुरुवातीला आकडा हलेना. दारात पाहुणा येत नाही, ही बसवराजांना नामुष्की वाटली. मग त्यांनी जाहीर केले, शेजारच्या नेट कॅफेत जाऊन जो मला उघडेल त्याला दुकानात चहा. अख्खी गल्ली लोटली.

“आकाराम, उघडलीस न्हवं?” बसवराज गल्लीतल्या एकेकाला विचारत.

“दोनदा उघडली की. दोन चहा सांगा.”

आकडा धावू लागला. बसवराज तो फळ्यावर लिहून दुकानाबाहेर लावत. लोक कौतुक करत. खरे सांगते, मलाही ते आवडू लागले होते.

रत्नव्वा मात्र हसल्या नाहीत. “भावजी, हे समदे गल्लीतलेच हायत. चहा पिऊन जात्यात. चटणी कोण इकत घेतंय?”

“वैनी, गर्दी तर दिसू दे. गर्दी बघून गर्दी येती.”

आणि एक खरा पाहुणा आला. हुबळीचे खानावळवाले मृत्युंजय. त्यांनी माझ्या अभिप्रायाच्या पानावर लिहिले, ‘तुमची चटणी एका गिऱ्हाइकाने आणून दिली. फार आवडली. दर महिन्याला वीस किलो लागेल. भाव इथेच कळवा. दसऱ्यापर्यंत वाट पाहतो.’

रत्नव्वांचे दुकान तेवढ्यावर तरले असते. पण येणारा प्रत्येक जण पहिले पान उघडी, आकडा वाढलेला पाही आणि चहाला पळे. बसवराजही आकडाच पाहत. अभिप्रायाचे पान कोणी उघडलेच नाही. दसरा गेला. पुढच्या वर्षी दुकानही गेले. रत्नव्वा आता एका मंगल कार्यालयात दुसऱ्यांच्या पंगतीला चटणी वाढतात.

या महिनाअखेरीस मी कायमची बंद होणार आहे. काल बसवराजांची मुलगी सुष्मिता माझी आठवण जपून ठेवायला बसली. तिने सगळी पाने उघडली आणि ते पत्र मोठ्याने वाचले. शेजारी रत्नव्वा ऐकत होत्या; बसवराज खाली मान घालून बसले.

“आता काय लिहायचं, काकू?” तिने विचारले.

मित्रांनो, दारात किती जण आले हे जरूर मोजा. पण त्यांतला एखादा काही सांगत असेल, तर आधी त्याचे ऐका. मी सांगितलेले कोणी ऐकेल की नाही, कोण जाणे.

रत्नव्वा म्हणाल्या, “लिही. पावणं, तुमी आलतासा तवा आमी गल्लीला चहा पाजत हुतो. चटणी आता हुत न्हाय.”

सुष्मिताने तसेच लिहिले आणि माझ्या पानावर टाकले. मग ती पहिल्या पानावर परतली. आकडा एकाने वाढला. तो तिचाच होता.