भिंगाखाली कोपर

आमच्या क्लबच्या पहिल्या स्पर्धेची नियमावली मी लिहिली. ते काम मला कोणी दिलं नव्हतं. बैठकीत "नियम काय ठेवायचे?" असा प्रश्न निघाला आणि मी पर्समधून टाइप केलेले कागद काढले. त्यावरून माझ्याबद्दल जे समजायचं ते समजावं.

ग्रॅपलिंग म्हणजे सरळ शब्दांत धरपकड. ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला धरायचं, पाडायचं, मॅटवर दाबून ठेवायचं, नाहीतर असं अडकवायचं की त्यानं हातानं थाप मारून हार कबूल करावी. आमचा क्लब हौशी लोकांचा आहे. दिवसभर आपापली नोकरी करून संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत एकमेकांच्या मानेभोवती हात घालणारी माणसं. उद्या सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं, म्हणून नियम कडक हवेत. उचलून आपटणं बंद. टाच पिरगळणं बंद. नखं कापलेली हवीत, अंगावर धातूचं काही नको. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कलम अकरा आलं, त्वचा तपासणी, आणि ते आधीच्या सगळ्या कलमांहून लांब निघालं.

त्याला कारण माझा पेशा. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी बुरशीवर काम करते. घरात पावाला बुरशी आली तर लोक पाव फेकतात; मी आधी भिंग शोधते. नवरा म्हणतो, "माहेरचं माणूस दारात आलं तरी तुझा चेहरा एवढा खुलत नाही."

पण कलमात चूक काही नव्हती. मॅटवर एकाला नायटा झाला की बघता बघता सगळ्या क्लबला होतो. म्हणून मी लिहिलं की प्रत्येक खेळाडूची त्वचा लढतीआधी तपासावी, नायटा असेल तर खेळू देऊ नये, पट्टी बांधून झाकला असला तरी चालणार नाही, आणि वापरायची प्रत्येक वस्तू गरम पाण्यात धुतलेली असावी. शेवटी लिहिलं, "या नियमातून पदाधिकारीही सुटणार नाहीत." हे वाक्य मी केवळ भारदस्त वाटावं म्हणून घातलं होतं.

चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या गटात आम्ही तिघी होतो. एक बस चालवणाऱ्या ड्रायव्हरबाई. दुसरी माझी नणंद, जी केशकर्तनालय चालवते. तिसरी मी. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ड्रायव्हरबाई थेट अंतिम फेरीत गेल्या, आणि नणंद आणि मी यांच्यात जी जिंकेल तिची गाठ त्यांच्याशी पडणार होती.

सरावात नणंद मला नेहमी हरवते, आणि हरवताना गप्पाही मारते. "वहिनी, आईला फोन केलास का?" असं ती माझ्या छातीवर बसून विचारते.

आणि मला एकदा तरी लढायचं होतं, खरोखरच्या स्पर्धेत, लोकांसमोर. शाळेत मला कुठल्याच संघात घेतलं नाही. गुण मात्र मीच लिहायचे, कारण अक्षर चांगलं होतं. आयुष्यभर मी खेळाच्या कडेला पेन घेऊन बसले. दोन वर्षं घाम गाळला तो मॅटच्या आत उभं राहण्यासाठी.

स्पर्धेच्या सकाळी मी टेबल मांडलं. भिंग, टॉर्च, हातमोजे, दागिने ठेवायला ट्रे, आणि शंकास्पद प्रकरणांसाठी प्रयोगशाळेतून मागून आणलेला छोटा मायक्रोस्कोप. शेजारी आमचे वैद्यकीय अधिकारी. सगळ्या डॉक्टरांमध्ये रविवारी मोकळे असलेले एकच डॉक्टर सापडले, ते दातांचे. "अंतिम निर्णय माझा, असं तुम्ही लिहिलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पण मला हिरड्यांच्या खालचं फारसं विचारू नका."

मी एकेकाचे हात, मान, गुडघ्यांमागच्या खाचा पाहत होते. मधून मधून माझं उजवं कोपर खाजत होतं. कोपर दुखायचं म्हणून मी तिथे एक लवचीक पट्टा घालते, त्याची खाज. रबराची ॲलर्जी, असं निदान मी आधीच केलेलं होतं. निदानाला आधार काय? तर मी.

नणंद आली. मी अधिकारवाणीनं म्हटलं, "वन्सं, घड्याळ काढ." लग्नात सासूबाईंनी 'वन्सं' म्हणायला लावलं, ते तसंच राहिलं, बाकी आमचं अगं-तुगं आहे.

तिनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. ते मी ट्रेमध्ये ठेवलं. मग तिचं मनगट भिंगाखाली धरलं. लालसर, गोल, कडा स्पष्ट, थोडा कोंडा.

"हे कधीपासून?"

"काय?"

"हे. गोल."

"अगं ते होतं आणि जातं. केसांच्या रंगानं होत असेल."

"रंगानं गोल होत नाही," मी म्हणाले. "नायटा आहे. तुला खेळता येणार नाही."

ती हसली. मग मी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "वहिनी, गंमत पुरे. अख्खं दुकान बंद ठेवून आलेय मी."

"नियम आहे."

"नियम कोणी लिहिला ते माहितीये मला. तो मायक्रोस्कोप का आणलाय मग? शोभेला?"

"तो शंका असेल तर. इथे शंका नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी उच्चारलं आणि मला ते शेवटपर्यंत आठवत राहणार आहे. दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी सही केली. नणंद तिची पिशवी उचलून भिंतीकडे जाऊन बसली. वेळाधिकारी म्हणून घड्याळ धरून बसलेला माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, उठून तिच्याकडे गेला आणि परत येऊन मला म्हणाला, "आता तू सरळ अंतिम फेरीत, नाही का?"

"तसं चिठ्ठ्यांप्रमाणे होतंच."

"हो, हो. विज्ञान आहे ते," तो म्हणाला.

माझ्या मनात खरोखर तसं काही नव्हतं. मी स्वतःला हे विचारलं आणि स्वतःच समाधानकारक उत्तर दिलं.

शेवटी ड्रायव्हरबाई तपासणीला आल्या. त्यांची त्वचा निर्मळ होती. मी "पात्र" लिहिलं, पेन ठेवलं आणि कोपर खाजवलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमचं कोण तपासणार?"

"माझं?"

"सकाळपासून बघतेय मी. एका हातानं लोकांना तपासताय, दुसऱ्या हातानं खाजवताय. आम्हाला आरशात मागचंही बघायची सवय असते."

"ती पट्ट्याची ॲलर्जी आहे."

"असेल की. काढा ना पट्टा."

मी पट्टा काढला. कोपराच्या आतल्या बाजूला एक गोल होता. फार देखणा नव्हता. एका बाजूला पसरलेला, कडेला बारीक पुटकुळ्या, मध्ये जरा निवळलेला. हे वर्णन मी स्वतः कलम अकरामध्ये लिहिलं होतं, शब्दशः.

डॉक्टरांनी भिंग डोळ्याला लावलं. "मला तर विशेष काही दिसत नाही," ते चांगुलपणानं म्हणाले. "पट्टा परत घातला तर..."

त्यांचा निर्णय अंतिम होता. पट्टा परत घातला असता तर एका तासात मी मॅटवर उभी राहिले असते. एक क्षण मी तो हातात धरून राहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पट्टा नाकाजवळ आला आणि त्याचा वास आला. अख्ख्या क्लबला सगळं गरम पाण्यात धुवायला लावणाऱ्या मी तो पट्टा घेतल्यापासून एकदाही धुतला नव्हता. तो वैद्यकीय होता ना. वैद्यकीय वस्तू घाण होतात हे मला सुचलंच नव्हतं.

"मायक्रोस्कोप लावते," मी म्हणाले.

"लाव," मागून आवाज आला. नणंद भिंतीपासून उठून आली होती. तिनं मनगट टेबलावर ठेवलं. "आणि हेही लाव. आता शंका आहे ना?"

मी दोघींच्या त्वचेचा कोंडा वेगवेगळ्या काचांवर खरवडून घेतला. त्यावर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला. त्यानं त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशी असली तर उरते. थोडं थांबावं लागतं. टेबलाभोवती माणसं जमली. नवराही स्वतःची जागा सोडून आला.

आधी नणंदेची काच. मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग परत पाहिली. काही नाही. नुसत्या विरलेल्या पेशी. मग माझी नजर ट्रेकडे गेली. ट्रेमध्ये तिचं घड्याळ पालथं पडलं होतं. मागची धातूची चकती तिच्या मनगटावरच्या डागाएवढी होती. बुरशीला एवढं नेमकं वर्तुळ काढता येत नाही. धातूची ॲलर्जी. घड्याळ मीच काढायला लावलं होतं, मीच ट्रेमध्ये ठेवलं होतं, आणि पुढच्याच क्षणी त्या डागाला नाव दिलं होतं.

"वन्सं, तुझं काही नाही," मी म्हणाले. "घड्याळामुळे झालंय."

"रंगानं गोल होत नाही म्हणालीस."

"रंगानं नाहीच झालं."

"अजून बरोबरच आहेस का तू?"

मग माझी काच. तिथे धागे होते. लांब, फांद्या फुटलेले, मध्ये पडदे असलेले, ठळक धागे. इतका स्वच्छ नमुना मला प्रयोगशाळेतही क्वचित मिळतो. "किती छान आलंय," असं माझ्या तोंडून गेलं.

"म्हणजे आहे?" ड्रायव्हरबाईंनी विचारलं.

"भरपूर आहे."

ध्वनिक्षेपकावरून आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव पुकारलं गेलं. पुढचा शब्द होता "अपात्र". माझ्याच नियमाप्रमाणे मला मॅटजवळ जाता येईना. मॅटभोवती अंतर राखायची पिवळी चिकटपट्टी मीच आदल्या दिवशी लावली होती. तिच्यामागे कोपराला प्लॅस्टिक गुंडाळून मी उभी राहिले. निदान पेन तरी द्या म्हटलं, तर नणंद म्हणाली, "पेनाला हात लावू नकोस, सगळ्यांना लागेल."

गटात आता नणंद आणि ड्रायव्हरबाई. ड्रायव्हरबाईंची सून, नातवंडं आणि डेपोतली निम्मी मंडळी आली होती. त्यांनी नणंदेला पहिल्या झटक्यात खाली घेतलं आणि डेपोनं छप्पर डोक्यावर घेतलं. नणंद खालून काहीतरी बोलत होती. बहुधा त्यांना घरची विचारपूस करत असावी. मग तिनं पाय वर घेतले, त्यांचा हात मध्ये अडकवला, आणि ड्रायव्हरबाईंनी मॅटवर दोनदा स्पष्ट थाप मारली. नणंदेनं त्याच क्षणी सोडलं. वेळ किती लागला ते कोणालाच कळलं नाही, कारण वेळाधिकारी खुर्चीवर चढून बहिणीचं नाव घेऊन ओरडत होते.

पदक गळ्यात घालून ती पिवळ्या पट्टीपाशी आली. अंतर राखून. "कुठली क्रीम लावणार आहेस?"

मी नाव सांगितलं.

"लाव. धू. आणि बरी झालीस की ये. आपली लढत राहिलीये."

"स्पर्धा संपली की."

"चिठ्ठीत माझ्यासमोर तुझं नाव होतं. तुला नियम पाळायचेत ना?"

घरी मी तो पट्टा पातेल्यात उकळत ठेवला. नवऱ्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि "मी बाहेर जेवतो," म्हणून निघून गेला. कलम अकरामध्ये मी एक ओळ वाढवली: तपासणाऱ्याची तपासणी सर्वांत आधी, आणि ती दुसऱ्याने करावी. बैठकीत ती ओळ टाळ्यांत मंजूर झाली. टाळ्या ओळीला होत्या असं मी धरून चालले.

खाज गेली, डाग गेला, तरी क्रीमचा कोर्स मी पुरा केला आणि मग काच पुन्हा पाहिली. एकही धागा नव्हता. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दातांच्या डॉक्टरांनीही भिंग घेऊन कोपर पाहिलं, सही केली आणि जाता जाता माझा एक दात किडतोय असंही सांगितलं.

लढत एका साध्या सराव-संध्याकाळी झाली. ड्रायव्हरबाई सुट्टी घेऊन पंच म्हणून आल्या होत्या. त्यांनी आधी माझं कोपर पाहिलं, मग नखं, मग "घ्या" म्हणाल्या. मी मॅटच्या आत उभी होते. नणंद समोर होती, घड्याळ ट्रेमध्ये होतं. मी तिच्या बाहीकडे हात नेला, आणि नंतर मला छत दिसलं. मी सुटायचा जो जो प्रयत्न केला, त्याच्या आधी ती तिथे होती. मग तिचं कोपर माझ्या मानेशी नीट बसलं.

"आईला फोन केलास का?"

मी थाप मारली. तिनं त्याच क्षणी सोडलं, नियमाप्रमाणे. मी पूर्णपणे निरोगी, पूर्णपणे पात्र अवस्थेत हरले होते, आणि उठताना मला हसू आवरेना.

"किती वेळ टिकले मी?" मी नवऱ्याला विचारलं. या वेळी त्यानं घड्याळ चालू केलं होतं.

त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि ते खिशात घातलं.

"सांगितलं तर तू कुठेतरी लिहून ठेवशील," तो म्हणाला.